लाल दिसले म्हणजे तहानलेले, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकावरचा पाण्याचा ताण कॅमेऱ्याने ओळखण्याविषयीचा कालचा लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला, पण सोबतचा फोटो पाहून संताप आला. लाल-निळी पाने छापलीत आणि शेजारची तापमानाची पट्टी कापून टाकलीत. लाल म्हणजे किती अंश? फोटो किती वाजताचा? तेव्हा हवा किती तापलेली, किती दमट होती?

थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पानाच्या पृष्ठभागाचे तापमान दिसते. ताण बसला की पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोत्सर्जन घटते आणि पान तापते. पण हवा कोरडी की दमट यावरही ते तापणे अवलंबून असते. म्हणूनच 1981 साली इड्सो आणि जॅक्सन या शास्त्रज्ञांनी ताणाचा निर्देशांक मांडताना पान व हवा यांच्या तापमानातला फरक हवेच्या कोरडेपणाशी जोडला. मूळकूज लागलेले झाडही लाल दिसते, कुंडीत भरपूर ओल असताना. तुमचा लेख वाचून कोणी त्याला आणखी पाणी घातले तर?

इतके कळकळीने लिहितो, कारण माझा अख्खा हंगाम यात गेला आहे. एका प्रयोगात मी मक्याच्या कुंड्यांचे भर दुपारी वरून फोटो काढत असे. हिरवे पिक्सेल मोजायचे आणि त्यावरून वाढ ठरवायची. ताण दिलेल्या झाडांचा पाला काही दिवसांतच निम्म्यावर आल्याचे आकडे निघाले, अहवालही तसाच गेला. नंतर एकदा दिवेलागणीला कुंड्यांपाशी गेलो, तर दुपारी सुरळी झालेली पाने पुन्हा उलगडून सपाट झाली होती. पाला होता तेवढाच होता. दुपारी कॅमेऱ्याला वरून नुसती सुरळी दिसत होती. त्या दिवसापासून फोटो पहाटे, उजेडातला फरक कळावा म्हणून चौकटीत राखाडी कार्ड आणि प्रत्येक कुंडी वजनकाट्यावर. आधीचे आकडे मात्र वरिष्ठांनी शेवटपर्यंत दुरुस्त करू दिले नाहीत. ती बोच अजून आहे.

आणखी एक. माझे मागचे पत्र छापताना तुम्ही त्यातले अंश आणि वेळा गाळल्या होत्या. जागा कमी पडली तर या पत्राचा मायना गाळा, साल राहू द्या. आणि तो फोटो तापमानाच्या पट्टीसह पुन्हा छापा.

आपला,
एक नियमित वाचक