हाड जुळलं, पण ते का मोडलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी 20 ऑक्टोबरच्या जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) दिनाला वर्तमानपत्रांना नाचणी, तीळ, दूध आणि कोवळं ऊन आठवतं. नाचणी-तिळाबद्दल काही म्हणायचं नाही. (कोवळ्या उन्हात मात्र ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही, त्यासाठी दहा-अकरानंतरचं ऊन लागतं.) पण आमच्या घरी जे झालं ते नाचणीच्या भाकरीने टळलं नसतं, म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाई 68 व्या वर्षी मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग बोटांचे व्यायाम, वर ‘वय झालं, आता जपा’ हा सल्ला. विषय संपला. पाच वर्षांनी देवपूजा आटोपून पाटावरून उठताना तोल गेला, तर थेट खुबाच मोडला. ऑपरेशन झालं, बॉल बदलला, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालल्यासुद्धा. त्याबद्दल डॉक्टरांचे आभारच मानायला हवेत. डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे, कमोड किती उंच हवा, सगळं लिहिलेलं होतं. कॅल्शियमच्या गोळ्याही होत्या. पण उभ्या जागी पडून एवढं मोठं हाड मोडतंच कसं, याबद्दल एक ओळ नव्हती.

पुढे एका नातेवाईक डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांना पुण्याला नेऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती, ते सांगणारा आकडा) आला उणे 3.4. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, हा निकष जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्येच ठरवून दिला आहे. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं की ती पुढच्या फ्रॅक्चरची सूचना असते, हेही अस्थिरोगतज्ज्ञांना नवीन नाही. मग ती पाच वर्षं वाया का गेली?

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. गुडघे दुखले तरी ‘हाडांची झीज’ आणि हाडं पोकळ झाली तरी ‘हाडांची झीज’! गुडघ्याची झीज पावलोपावली दुखते; ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत बहुधा काहीच सांगत नाही. सासूबाई अभिमानाने म्हणायच्या, ‘‘माझं काही दुखत नाही, मला कसली झीज?’’ उंची कमी होऊन साडीच्या निऱ्या जमिनीला लागायला लागल्या, ते आम्ही वयावर ढकललं. खरं तर तेव्हाच पाठीचा एखादा मणका दबला असावा.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मधूनमधून टाच मशीनमध्ये ठेवून ‘मोफत हाडतपासणी’ होते. त्यावरून रोगाचं पक्कं निदान होत नाही. तरी जवळजवळ प्रत्येक जण पावडरचा डबा घेऊन घरी येतो. हाडं एवढी ठिसूळ झाल्यावर एकटं कॅल्शियम पुरत नाही. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची गोळी असते (ती घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही), वर्षातून एकदा सलाईनमधून देण्याचं औषध असतं. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, पण अशी औषधं आहेत हेच घराघरांत माहीत नाही.

आणि हा फक्त शहरी म्हाताऱ्यांचा प्रश्न नाही. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीने सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर ऐन तिशी-पस्तिशीत अंडाशयंही काढली असतील, तर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम तुटतं आणि हाडांचा ऱ्हास तिथूनच सुरू होतो. साठीला पोचतील तेव्हा या बायकांच्या हाडांचं काय झालेलं असेल? डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईला डेक्सासाठी मोठ्या शहरात जायला सांगणार कोण, आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचं काय?

मागणी छोटी आहे. पन्नाशीपुढचा माणूस साध्या पडण्याने हाड मोडून आला, तर डिस्चार्ज कार्डावर हाडांच्या घनतेची तपासणी आणि पुढच्या औषधाची एक ओळ सक्तीची करावी. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला 1999 पासून अशा रुग्णांना हुडकून त्यांचा पाठपुरावा करणारी सेवा चालू आहे. 70 वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतचं संरक्षण मिळालंच आहे. खुब्याच्या ऑपरेशनला पैसे देणाऱ्या योजनेने पुढचं हाड वाचवायलाही द्यावेत.

सासूबाईंचं तिसरं वार्षिक सलाईन पुढच्या महिन्यात आहे. त्यांचे धाकटे भाऊ, वय 70, गेल्या आठवड्यात अंगणात पडले. ‘हा बायकांचा आजार’ म्हणून तेही निर्धास्त होते. मनगटाला प्लास्टर घालून घरी आलेत. मी कार्ड मागून पाहिलं. ओळ नव्हती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा