पचिरिसूला हसू नका

मा. संपादक,

परवा भुसावळला भाच्याकडे गेलो होतो, गेममध्ये पोरगा पोकेमॉनची डबल बॅटल (दोन्हीकडून दोन-दोन पोकेमॉन एकदम लढतात ती) खेळत होता आन् टीममध्ये कोण तर पचिरिसू, खारीएवढा निळा-पांढरा जीव. मी हसलो, म्हटलं हे तर एका फटक्यात आडवं होईल रे. तो म्हणे, मामा, बघत रहा.

तर 'फॉलो मी' नावाचा डाव मारला की समोरच्यांचे एकावर मारायचे वार हे बारकं स्वतःवर ओढून घेतं आणि शेजारचा जोडीदार पोकेमॉन ग्याराडोस निवांत ताकद वाढवतो. ग्याराडोसला विजेचा करंट चौपट लागतो, पण पचिरिसूकडे 'व्होल्ट अॅब्सॉर्ब' ही वीज पिऊन टाकायची अंगची खुबी असली तर तोच करंट त्याचा दवापाणी, उलट एचपी म्हणजे जीव वाढतो! भूकंपासारखे सगळ्यांना लागणारे वार मात्र ओढता येत नाहीत, ग्याराडोस उडणारा म्हणून वाचतो पण हे बिचारं तिथंच गचकतं.

2014 ला वॉशिंग्टनला कोरियाचा सेजुन पार्क हीच जोडी टीममध्ये घेऊन पोकेमॉनचा जगज्जेता झाला. आपल्या पेपरात क्रीडा पान फक्त छक्के मारणाऱ्यांचंच असतं, कधी हेही छापा की राव.

- एक मामा, जळगाव