गुण देण्याआधी एकदा सोबत जा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

यंदा तुझ्या संस्थेत एमएसडब्ल्यूची (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची) मुलं क्षेत्रकार्याला येणार आणि त्यांचं पर्यवेक्षण तुझ्याकडे आलंय, हे वाचून फार आनंद झाला. गुण कशावर द्यायचे, असं तू विचारलंस. मला मनापासून एकच सांगायचंय: विद्यार्थ्याला काम करताना स्वतः पाहिल्याशिवाय त्याच्या कुवतीवर शेरा मारू नकोस.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुलं आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात जातात. अहवाल लिहितात, आपण ते वाचतो, आयसी-जीसी (म्हणजे एकेकट्याशी आणि गटाशी चर्चा) घेतो आणि सत्र संपताना त्या कागदांवरूनच मूल्यमापन उरकतो. कागदावर असतं काय? ‘गृहभेट दिली. समुपदेशन केले.’ बाई बोलत होती तेव्हा सासू तिथेच बसली होती का? नवऱ्याच्या मारहाणीबद्दल शेजारणींच्या देखत विचारलं का? ते त्या दोन वाक्यांत सापडत नाही.

मागच्या सत्रात एका मुलीबरोबर मी गृहभेटीला गेलो होतो. आजीला निराधार योजनेचा अर्ज करायचा होता, पण सगळी उत्तरं मुलगाच देत होता. हिने त्याचं पूर्ण ऐकून घेतलं, मग आजीजवळ सरकून बसली आणि म्हणाली, “आजी, आता तुम्ही सांगा.” आधारकार्ड पाहिलं तर वय पासष्टच्या वर. तेव्हा संजय गांधी निराधार योजनेऐवजी श्रावणबाळ योजनेत अर्ज करावा लागेल, हे तिने दोघांनाही समजेल असं सांगितलं. उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारल्यावर म्हणाली, “मला नक्की माहीत नाही, तहसीलमध्ये विचारून गुरुवारी सांगते.” आणि उठता उठता हळूच विचारलं, “पैसे आले की पासबुक कोणाजवळ राहणार, आजी?” या एका प्रश्नात तिचं सगळं शिक्षण दिसलं रे! आजीला बोलतं करणं, योजनेची माहिती, माहीत नसेल ते कबूल करणं आणि म्हातारीच्या पैशावर हक्क म्हातारीचाच हे भान. गुरुवारी ती खरंच परत गेली.

तिच्या अहवालात या भेटीवर जेमतेम चार ओळी होत्या, त्याही अडखळत्या इंग्रजीत. गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलांचं इथे फार नुकसान होतं. झकास इंग्रजी लिहिणाऱ्याला चांगला कार्यकर्ता समजणं हा अन्याय आहे. मुलांना मराठीत लिहू दे, आणि ‘काय केलं’ याच्याऐवजी ‘कोण काय बोललं, तुला काय वाटलं, मग तू काय केलंस’ असं लिहायला लाव. पहिल्या महिन्यातला अहवाल आणि चौथ्या महिन्यातला शेजारी ठेवून वाच. आयसीत बोललेलं पुढच्या भेटीत उतरलं का, ते तिथे कळेल.

हजेरी, वक्तशीरपणा याचे गुण द्यायला सोपे, म्हणून तिकडे फार झुकू नकोस.

आता जड भाग. एखादा मुलगा मेहनती असेल, स्वभावाने गोड असेल, पण लोकांचं ऐकूनच घेत नसेल, किंवा एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगत असेल, तर त्याला काठावर ढकलून पुढे पाठवू नकोस. उद्या हाच मुलगा परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलांच्या घरची चौकशी करणारा अधिकारी, होईल. त्याचा सामाजिक तपासणी अहवाल वाचून बाल कल्याण समिती ठरवेल की मूल आईकडे जाणार की बालगृहात राहणार. कुणी संरक्षण अधिकारी होईल आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली आलेली बाई त्याच्यासमोर बसेल. मात्र हे त्याला शेवटच्या दिवशी गुणपत्रिकेतून कळता कामा नये. सत्राच्या मध्यावर त्याला, आणि कॉलेजच्या पर्यवेक्षकांनाही, स्पष्ट सांग. कोणत्या भेटीत काय चुकलं ते तारखेनिशी दाखव, पुन्हा संधी दे, पुन्हा सोबत जा.

मुंबईत 1936 साली आपल्या देशातली समाजकार्याची पहिली शाळा सुरू झाली ती नागपाड्यात, नेबरहूड हाऊसमध्ये, थेट वस्तीच्या मधोमध. या शिक्षणाचा जीव पहिल्यापासून तिथेच आहे, असं मी मानतो.

तुझ्याकडे कामाचा रगाडा आहे, ठाऊक आहे. तरी प्रत्येक मुलासोबत सत्रात निदान दोन भेटींना जा, एक सुरुवातीला, एक उत्तरार्धात. ज्या घरी जाशील त्यांची आधी परवानगी घे आणि तिथे गप्प बस, मधे पडू नकोस. कॉलेजकडून मूल्यमापनाचा फॉर्म आला की मला पाठव. त्यातल्या कोणत्या रकान्यासाठी काय पाहायचं ते फोनवर बसून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र