‘मी सुटले’ हे कोणाला सांगायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त वृत्तपत्रांतून दरवर्षी या आजाराची माहिती येते आणि ती उपयुक्तच असते. परंतु रुग्ण गेल्यावर मागे उरलेल्या जोडीदाराच्या मनाचे काय होते, याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

माझे यजमान नऊ वर्षे या आजाराने ग्रस्त होते आणि शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळलेले होते. नाकातल्या नळीतून पातळ आहार, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे आणि हवेच्या गादीच्या पंपाची अखंड घरघर, एवढेच माझे जग उरले होते. चाळीस वर्षे संसार केलेल्या माणसाने एके सकाळी ‘बाई, आपण कोणाकडे आलात?’ असे विचारले, त्या दिवशीच मी त्यांच्यासाठी पोटभर रडून घेतले होते. मार्चमध्ये ते गेले. पंप बंद केल्यावर खोलीत जी शांतता झाली, तिच्यात मला आधी सुटल्यासारखे वाटले आणि रडू नंतर आले. याची लाज मला अजून वाटते. रात्री दोन वाजता मात्र मी आजही त्यांची कूस बदलायला उठते.

भेटायला आलेला प्रत्येक जण ‘सुटले बिचारे’ म्हणाला. गेलेल्या माणसाने सुटावे, हे आपल्याला सहज मान्य होते. ‘मीही सुटले’ असे त्याच्या बायकोने म्हटले तर तिचे प्रेमच खोटे ठरते. दहाव्याच्या दिवशी शेजारच्या काकूंनी, ज्यांनी सासूबाईंचे सात वर्षे सारे केले होते, माझा हात धरून ‘हलके वाटते ना? मलाही वाटले होते,’ एवढेच विचारले. इतर कोणत्याही सांत्वनापेक्षा मला त्या वाक्याचा आधार झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, व्याख्येतच कुटुंबीयांना शोकाच्या काळात आधार देणे समाविष्ट केले आहे. प्रत्यक्षात मृत्यूचा दाखला हाती पडला की डॉक्टर आणि रुग्णसेवेसाठी ब्युरोतून येणाऱ्या मावशी, दोघांचाही संबंध संपतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतून मन मोकळे करता येते, हे मला मुलीकडून तीन महिन्यांनी कळले. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी हा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावा आणि रुग्ण गेल्यावर महिन्याभराने एकदा फोन करून, सेवा करणाऱ्या माणसाला झोप लागते का, तो वेळेवर जेवतो का, एवढे तरी विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली