लेकीच्या चित्रकलेच्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आमची लेक मुंबईच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कायम झाल्याचे आपल्याला फोनवर कळवले होतेच. परंतु आपले आभार फोनवरच्या दोन वाक्यांत मावणारे नाहीत, आणि मुलांना या क्षेत्रात पाठवू पाहणाऱ्या बडोद्यातल्या इतर पालकांनाही आपण नेमके काय केलेत ते कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

तिचा हात चांगला आहे, असे ती लहान असल्यापासून सगळे म्हणत आले. आपण मात्र पहिल्याच भेटीत तिची वही शांतपणे चाळलीत आणि विचारलेत, की भरलेली बादली नेणारी बाई आणि रिकामी बादली नेणारी बाई, आतले पाणी न दाखवता, वेगवेगळ्या कशा काढशील? त्यानंतर कितीतरी सकाळी ती वही घेऊन चौकातल्या नळापाशी बसून राहिली. उचलण्याआधी गुडघे वाकतात, भार उजव्या हाताला आला की अंग डावीकडे झुकते, मोकळा हात अंगापासून दूर जातो, पावले आखूड पडू लागतात, हे तिने स्वतः पाहून कागदावर उतरवले. डिस्नेच्या दोन ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांनी १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वे पुढे तिच्या अभ्यासक्रमात आली, तेव्हा प्रत्यक्ष हालचालीआधी शरीराची तयारी दिसली पाहिजे, हे तिला पाठ करावे लागले नाही.

धीराचेही तसेच. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, सरकतात. हाताने काढताना एकच चित्र दोन चौकटींना वापरले, तरी दहा सेकंदांच्या प्रसंगाला १२० चित्रे लागतात. मधली चित्रे हल्ली संगणक भरून देतो हे खरे, पण वजन कुठे जाणवावे आणि हालचाल कुठे रेंगाळावी, हे माणसालाच ठरवावे लागते. ती कंटाळली की आपण तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगत असा. आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या त्या माणसाने कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून ती पडद्यावर सलग उगवताना दाखवली होती.

मात्र माझ्या मते आपण दिलेली सर्वांत मोठी देणगी वेगळीच आहे. आपण तिला स्वतःचे चांगले चित्र बाजूला ठेवायला शिकवलेत. एकदा उडणाऱ्या पाखराच्या मालिकेतले तिचे सर्वांत देखणे चित्र आपण अलगद काढून घेतलेत आणि उरलेले कागद तिच्यासमोर भराभर पलटून दाखवलेत. पाखरू आता अडखळत नव्हते. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने वाद घातला नाही; दुसऱ्या दिवशी ती नवे कागद घेऊन आली. स्टुडिओत आज तिचे निम्मे काम याच बळावर चालते. पात्राची रचना दुसऱ्याने केलेली असते, रेषा ठरवून दिलेली असते, अनेकांनी काढलेले एकाच हातचे वाटावे लागते, आणि मन लावून केलेला प्रसंग दिग्दर्शक पुन्हा करायला सांगतात, तेव्हा ती दुखावून न जाता आधी कारण विचारते. हाताने तिच्याहून सरस असलेली काही मुले या टप्प्यावर खचून बाहेर पडल्याचे ती सांगते, आणि त्यांना वेळेवर असे कोणी भेटले असते तर, असे मला मनापासून वाटते.

दिलेला दिवस पाळणे आणि काम अडले तर आधीच सांगणे, या सवयीही आपल्याच. आपण वेळ ठरवून देत असा आणि ती स्वतःही काटेकोरपणे पाळत असा, त्यामुळे त्यासाठी निराळा उपदेश करण्याची वेळ आपल्यावर आली नाही. परिस्थिती बेताची असताना आपण फी मागितली नाहीत, याबद्दल आम्ही उभयता आपले कायमचे ऋणी आहोत.

दिवाळीत ती घरी येईल तेव्हा स्वतःचे नवे काम घेऊन आपल्याकडे येणार आहे. पूर्वीप्रमाणेच त्यातल्या उणिवा आपण स्पष्ट सांगाव्यात, अशी तिची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई
दांडिया बाजार, बडोदे