विषय: सहा वेळा सांगूनही सदस्यत्व रद्द न केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल रात्रीचा फोन सहावा. तुमच्या आभासी नाइटक्लबचं वार्षिक सदस्यत्व रद्द करा, एवढंच मी पहिल्या फोनपासून सांगतेय. पैसे माझ्या कार्डावरून जातात, मुलाच्या नाही.

हेडसेट आणि मनगटपट्टा काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. नाडी उतरली की ठेका चढवायचा. हेडसेटमधली ती गुलालासारखी रंगांची उधळण कधी तिसऱ्या गाण्याला, कधी तिसाव्याला. कधी होईल ते कळू द्यायचं नाही, म्हणजे माणूस उठत नाही. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. 1954 साली ओल्ड्स आणि मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली, दांडी दाबली की तिथे विजेचा हलका झटका मिळायचा, आणि त्यासाठी उंदीर तासाला शेकडो वेळा दांडी दाबत राहिले, हे दरवर्षी वर्गात सांगते. आता तेच माझ्या घरात बघतेय.

तालमीत गुडघा दुखावला म्हणून मीच हे घेऊन दिलं, पोराचा वेळ जावा म्हणून. पहाटे पाचला आखाड्यात उतरणारा मुलगा आता पाचला झोपतो. कपाळावर हेडसेटचा लाल वळ. गंगावेशीतून आणलेलं दूध उशाशी तसंच, वर जाड साय.

काल तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि दहाला झोपला. म्हणून मी लगेच फोन लावला. तुमच्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, "त्याला व्यसन लागलंय." त्या म्हणाल्या, "म्हणजे सेवा आवडतेय ना, मॅडम?" मी परत म्हटलं, व्यसन. तर म्हणाल्या, "त्यांच्या 26 रात्री झाल्यात, अजून चार झाल्या की सोनेरी पट्टा मिळेल. मी सात रात्री मोफत जोडून देते." मी नको नको म्हणतेय तोवर टेबलावर पट्टा थरथरला, हिरवा दिवा लागला आणि माझा झोपलेला मुलगा उठून बसला.

त्याला तुम्ही उठवलंत. मी रद्द करा म्हणत असताना!

केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला अडकवणाऱ्या ऑनलाइन फसव्या रचनांचे (डार्क पॅटर्न) 13 प्रकार दिलेत. सदस्यत्वात अडकवून ठेवणं हा त्यातला एक. सहाही फोनच्या वेळा मी लिहून ठेवल्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार आजच करतेय. पुढे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतः उभी राहीन.

सदस्यत्व रद्द करा. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. आणि तो हिरवा दिवा आज रात्री आठच्या आत बंद करा.

तुमची ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर