वरची माती वेगळी ठेवायला सांगा

नॉर्विच, इंग्लंड

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

ताईचा फोन आला होता. तुमचा गुडघा बरा होईपर्यंत कोल्हापूर सोडू नका. पण तिने आणखी एक सांगितलं, आपल्या बेळगावजवळच्या यल्लूरच्या शिवारात पाइपलाइनसाठी मोजणीवाले आले आणि बांधावर खुंट्या मारून गेले. ते ऐकल्यापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय.

माझं इथलं काम तेच आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्याला लागली की पुढे सबस्टेशनपर्यंत केबल कुणाच्या शेतातून न्यायची, ते ठरवायचं. हॉर्नसी थ्री प्रकल्पाची केबल वेबर्नच्या किनाऱ्यावर जमिनीवर येते आणि नॉर्विचच्या दक्षिणेला स्वार्डस्टनपर्यंत जाते, पन्नासेक किलोमीटर. पट्टी ठेवून सरळ रेघ मारता येत नाही. मधे गावं, जुनी वनराई, वेन्सम नदी. नदीचं पात्र खणत नाहीत, तळाखालून ड्रिल मारून केबल ओढतात. वीज एसी (सतत दिशा बदलणारी) न नेता डीसी (एकाच दिशेने वाहणारी) न्यायचं ठरलं, त्यामुळे वाटेत बांधायचं विजेचं एक अख्खं केंद्र वाचलं. आणि इथे लोकांचं ऐकावं लागतं, आप्पा. नॉरफोक व्हॅनगार्ड या दुसऱ्या प्रकल्पाची मंजुरी 2021 मध्ये कोर्टाने रद्द केली. शेजारच्या प्रकल्पासकट गावावर एकूण काय परिणाम होईल याचा विचार झाला नव्हता, आणि कोर्टात एक साधा रहिवासी गेला होता. पुन्हा सगळं तपासून 2022 मध्ये मंजुरी मिळाली.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते मातीचं. चर खणण्याआधी वरची वीतभर-दीड वीत सुपीक माती काढून एका बाजूला रचतात. खालची माती दुसऱ्या बाजूला. दोन्ही ढीग एकमेकांना शिवू देत नाहीत. माती ओली असेल तर यंत्र शेतात घालत नाहीत. जमिनीतल्या निचऱ्याच्या नळ्या तुटल्या तर जोडून देतात. मग खालची खाली, वरची वर. केबल मीटरभराहून खोल असते, तिच्यावर पुन्हा बीट आणि बार्ली घेतात, फक्त खोल मुळांची झाडं लावू देत नाहीत.

आपल्या नाल्याकडच्या खाचरात मागे चर मारला तेव्हा मुरूम वर आला आणि काळी माती तळाला गेली. त्या पट्ट्यात भातानंतरचा मसूर अजून विरळ उगवतो, तुम्ही दरवर्षी दाखवता. आणि नुसत्या मातीचं नाही ते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाचराखाली जो घट्ट थर बसतो, त्याच्यामुळे पाणी वर थांबतं. चराने तो फुटला. इथले शेतकरी असा थर फोडायला नांगर खोल घालतात, आपल्या बासमतीला मात्र तोच हवा. इथलं पुस्तक तिथे जसंच्या तसं चालणार नाही. चर बुजवताना माती थराथराने दाबायला लावा, आणि वरच्या मातीखाली चिकणमातीचा थर पुन्हा बसवून घ्या.

दादाला सांगा, कानडीतला कागद नीट समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही. काम मसूर निघाल्यावर सुरू होऊन वळवाच्या आत संपलं पाहिजे, हे लिहून घ्या. चर नाल्याच्या कडेने नेता येईल का, हे खुंट्या आहेत तोवरच विचारायचं, एकदा पाइप उतरले की कोण ऐकतं! शेजारच्या सगळ्यांना सोबत घ्या, एकट्याने जाऊ नका. आत्ताच बांधांचे आणि खाचराचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट, आणि मला उताऱ्याची प्रत व खुंट्यांची जागा पाठवा. नकाशावर दुसरी वाट आखून रविवारी दादाला पाठवतो.

आईला नमस्कार, ताईच्या मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू